फटफटीचे बार

आमचे अप्पा आधी ऐकू यायचे आणि मग दिसायचे. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता जरा उतरतो. तिथं आले की त्यांच्या फटफटीचा एकसारखा चाललेला आवाज एकदम खाली बसायचा आणि लगेच दोन-तीन बार निघायचे. फट्, फट्, मग थोडं थांबून आणखी एक, मोठा. समोरच्या चिंचेवरचे कावळे उठायचे, कुणाचं तरी तान्हं रडायला लागायचं आणि मी चुलीत काटक्या सारून चहाचं आधण ठेवायची. अप्पा जिना चढून वर येईपर्यंत पाण्याला उकळी फुटलेली असायची. त्या काळी गावात फटफट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे ओळखण्यात चूक व्हायचा प्रश्नच नव्हता. आता माझ्या मुलाच्या घराखालून संध्याकाळी पोरं मुद्दाम तसे बार काढत गाड्या पळवतात. नातू म्हणतो, आजी, तसा आवाज यायला सायलेन्सर वेगळा बसवून घ्यावा लागतो. मी ऐकून घेते. आमच्या घरात त्या आवाजामुळे काय झालं ते मी त्याला सांगितलेलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

अप्पा गुरांचे डॉक्टर होते. मुंबईला शिकून आलेले, सरकारी नोकरीत. दक्षिणेकडची सगळी कोरडी गावं त्यांच्याकडे होती, होटगीपासून पार अक्कलकोटच्या अलीकडपर्यंत. मेंढरांना टोचणं, बैलांचे खूर बघणं, अडलेली म्हैस सोडवणं, यासाठी आठवड्यातले चार दिवस ते फिरतीवर असत. पूर्वी घोडीवरून जायचे. मग सरकारनं ती विलायती फटफटी दिली. तिच्या मागच्या लोखंडी कॅरिअरला औषधांची पेटी बांधलेली असे, हॅंडलवर पितळेच्या दोन खिट्ट्या होत्या, एक पेट्रोलची, एक हवेची. गावाकडचे लोक अप्पांना ढोरांचा डाक्टर म्हणत. अप्पांना त्यात कमीपणा वाटत नसे. आई होती तेव्हा ती हे हसत हसत सगळ्यांना सांगायची. आई तापानं गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. तिच्यानंतर घरात हसणारं कुणी उरलं नाही.

घर म्हणजे माडीवरच्या भाड्याच्या दोन खोल्या. खाली तेलुगू विणकरांचं कुटुंब राहायचं, त्यांचे दोन हातमाग होते. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की थोड्या वेळानं खालचे माग सुरू व्हायचे. खटक खटक, खटक खटक, दुपारच्या जेवणापुरते थांबायचे आणि परत दिवे लागेपर्यंत. जमिनीला पाय लावला तर तळव्याला ते कळायचं. स्वयंपाकाला गंगव्वा यायची. ती आमच्याच जातीची, विधवा, कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारी. पहाटे येऊन ती ज्वारीच्या पातळ भाकऱ्या थापायची, त्यातल्या काही चुलीच्या कडेला उभ्या करून कडक होऊ द्यायची. शेंगाचटणी खलबत्त्यात कुटायची, त्या वासानं जीभ पाणावायची. अंबाडीच्या भाजीला ती पुंडीपल्ल्या म्हणायची. दुपारी झाकापाक करून ती तिच्या घरी जायची. "गौरा, जेवून घे बग. ताटाखाली झाकलंय. अप्पाची वाट बगत बसू नगंस, लई उशीर हुईल त्येला," असं रोज म्हणायची. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी, ते माग आणि खिडकी.

शाळा संपली होती. सातवीची परीक्षा मी पास झाले होते, मुलींच्या शाळेत पहिली आले होते. ते सांगण्यासाठी मी त्या दिवशी जिन्यातच उभी होते. अप्पा वर आले, पगडी खुंटीला लावली, हातपाय धुतले, पाटावर बसले. मी म्हटलं, "अप्पा, मी पहिली आले." त्यांनी भाकरी मोडली, माझ्याकडे न बघता "हं" म्हणाले आणि जेवू लागले. मग चार दिवसांनी मी धीर करून विचारलं, "अप्पा, मला इंग्रजी शाळेत घालाल का? शेजारच्या पेठेतल्या दोघी जाणार आहेत." ते कागद वाचत होते. तेव्हाही "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ मी रात्रभर लावत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काही विषय काढला नाही, तिसऱ्या दिवशी फिरतीवर गेले, जून आला आणि गेला. माझी समजूत झाली की मी विचारायलाच नको होतं. आई गेल्यापासून ते माझ्यावर नाराज आहेत अशी शंका मला होतीच. आईच्या आजारपणात मी तिला ताक दिलं होतं आणि त्यानंतर ताप वाढला होता, हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मला वाटे, त्यांना ते माहीत असावं.

मग मीही बोलायची थांबले. आम्ही दोघं एका घरात राहत होतो, पण दिवसभरात दहा शब्द होत नसत. पाणी, चहा, कंदील, झोप. ते पहाटे लिंगपूजा करीत, मी फुलं काढून ठेवी. माझी माणसाशी बोलायची भूक मी खिडकीतून भागवायची. खालच्या विणकरणीचं तेलुगू मला अर्धंमुर्धं कळू लागलं होतं, ती तिच्या मुलींना रागावली की मला बरं वाटे. कुणीतरी कुणालातरी काहीतरी म्हणतंय.

बार दिवाळीनंतर सुरू झाले. आधी एखादाच, मग प्रत्येक उतारावर. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकून खिडकीत आले होते. संध्याकाळी म्हटलं, "अप्पा, गाडी बार काढते." ते "हं" म्हणाले. आठवड्यानं परत सांगितलं, तेव्हा नुसतं हसले. तिसऱ्यांदा गंगव्वानं सांगायला लावलं, कारण बाराच्या आवाजानं तिच्या हातातलं ताकाचं भांडं पडलं होतं. तेव्हा ते म्हणाले, "बरं, बरं, उद्या आणतो." काय आणणार होते कोण जाणे. मी परत सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात गंगव्वा मुलीच्या बाळंतपणाला गेली. घरी मी एकटी कशी राहणार, म्हणून अप्पांनी मला होटगीला माझ्या आत्याकडे पोचवायचं ठरवलं. आत्याचे यजमान रेल्वेत होते, तिच्या घरी पोरंबाळं होती, आणि मला जायची इतकी ओढ होती की आदल्या दिवशीच मी बोचकं बांधून ठेवलं. सकाळी अप्पांनी कॅरिअरवर घोंगडी घडी करून बांधली, पेटी पुढे टाकीवर घेतली, आणि मी दोन्ही पाय एका बाजूला सोडून त्यांच्या कोटाला धरून बसले. फटफटीवर बसायची ती माझी पहिलीच वेळ. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना काढणी झालेली काळी रानं, लांब मेंढरांचा एक कळप. वारा कानात शिरत होता. अप्पांच्या पाठीचा घाम आणि पेट्रोल यांचा मिळून एक वास येत होता. मी त्यांच्या इतक्या जवळ कित्येक महिन्यांत बसले नव्हते. मनात आलं, होटगी आणखी लांब असती तर बरं झालं असतं.

एका ओढ्याच्या अलीकडे रस्ता खाली उतरतो. पुढं कडब्यानं भरलेली एक बैलगाडी चालली होती. अप्पांनी पेट्रोलची खिट्टी बंद केली, गाडीचा वेग उतरला, आणि आम्ही बैलांच्या बरोबरीला आलो तोच माझ्या पायाखालून बार निघाला. मग दुसरा, मग तिसरा. ऐकू यायच्या आधी मला ते पोटऱ्यांना जाणवले. बैल एकदम आडवे उधळले. मी मान वळवून बघितलं तर गाडीचं एक चाक रस्त्याच्या कडेवरून खाली गेलं होतं, कडबा कलंडत होता आणि गाडीवान जुवाजवळून उडून धोंड्यांवर पडला होता. मी ओरडले, "अप्पा, थांबा." ते पुढेच चालले होते, ओढ्यातली वाट बघत, शांतपणे. मी परत ओरडले. त्यांच्या अगदी कानामागे माझं तोंड होतं. त्यांची मानही हलली नाही. शेवटी मी मुठीनं त्यांच्या पाठीवर मारलं, दोनदा, तीनदा, जोरानं. तेव्हा त्यांनी गाडी थांबवून माझ्याकडे आश्चर्यानं बघितलं. मी मागे हात केला.

गाडीवानाचं नाव सिदराम. पलीकडच्या वाडीवरचा धनगर, पन्नाशीचा, दाट मिशांचा माणूस. डाव्या हाताचं हाड कोपराखाली मोडलं होतं, हात भलतीकडे वळला होता. अप्पांनी पेटी उघडली, कडब्याच्या गाडीच्याच दोन कामट्या तोडून घेतल्या आणि जनावराचं हाड बसवतात तसं ते हाड बसवलं. सिदरामनं दात आवळून धरले होते. पट्टी गुंडाळून होत आली तेव्हा तो बोलायला लागला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

"डाक्टरसायेब, तुमचा दोष हाय असं म्या म्हनत न्हाय. बैल नवं हायती. पर ह्या फटफटीचं कायतरी करा की. आमच्या वाडीवर तुमी आला की मेंढरं उधळत्यात, गाभणी शेळी आडली मागल्या म्हयन्यात. बाजारात म्या तुमास्नी सांगितलं व्हतं, तवा बी तुमी नुसतं हसलासा."

अप्पा त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याचं बोलणं संपलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि हसले.

तेच हसू. मला दिवाळीनंतर दाखवलेलं. हात मोडून धुळीत बसलेल्या माणसाच्या तक्रारीला कुणी असं हसत नाही, आणि अप्पा तर वासरू कण्हलं तरी अस्वस्थ होणारे. सिदराम माझ्याकडे बघू लागला. आणि मग, त्या उन्हात, मला सगळं एकदम कळलं. अप्पांना ऐकूच येत नव्हतं. मी त्यांच्या जवळ गेले, कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हटलं, "अप्पा, ते म्हणतात फटफटी बार काढते. त्यानं बैल उधळले."

त्यांचा चेहरा उतरला. पट्टीची गाठ मारता मारता हात थांबले. "आत्ता काढला?"

"तीन काढले."

"मला वाटलं, रस्ता खराब आहे," ते म्हणाले. मग विचारलं, "किती दिवस काढतेय?"

"दिवाळीपासून."

"मग मला सांगितलं का नाहीस, गौरव्वा?"

"सांगितलं होतं," मी मान खाली घालून म्हटलं. ते नुसते बघत राहिले. हेही त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मी परत कानाशी गेले. "तीनदा सांगितलं होतं, अप्पा."

मागून आलेल्या दोन गाडीवानांनी सिदरामची गाडी रस्त्यावर घेतली आणि त्याला वाडीवर नेलं. आम्ही होटगीला गेलो नाही. अप्पांनी फटफटी उलट वळवली आणि म्हणाले, "बार झाला की माझ्या खांद्यावर बोट मार. प्रत्येक बाराला." सोलापूर येईपर्यंत मी त्यांच्या खांद्यावर एकोणीस वेळा बोट मारलं. ते प्रत्येक वेळी मान हलवायचे. परतीचा रस्ता मला होटगीहून लांब वाटला.

त्या संध्याकाळी मी भात टाकला, तो खालून करपला. आम्ही तसाच खाल्ला. जेवण झाल्यावर अप्पा मला समोर बसवून बोलले, सावकाश, खूप दिवस कुलूप लावलेलं दार उघडावं तसे. फिरतीवर वर्षानुवर्षं ताप यायचा, क्विनाईन खावं लागायचं. आधी कानात रातकिडे वाजायला लागले. ते थांबतील असं वाटलं, ते थांबले नाहीत आणि बाकीचं सगळं हळूहळू लांब गेलं. कचेरीत कळू नये म्हणून त्यांनी लोकांचे ओठ वाचायला शिकून घेतलं होतं. ज्याचे ओठ दाट मिशीखाली असत किंवा जो मान खाली घालून बोले, त्याला ते हसून मान डोलवत. "घरी मात्र वाटायचं, तूच बोलायची कमी झालीस," ते म्हणाले. "आई गेल्यापासून पोर गप्प झाली, असं मी आत्याला पत्रात लिहिलंसुद्धा."

दुसऱ्या दिवशी अंगणात त्यांनी फटफटी स्टँडवर चढवली. मला जवळ बसवून त्यांनी खडूनं फरशीवर चित्र काढलं. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा एकत्र जातात. हवा फार झाली की मिश्रण पातळ होतं, खिट्टी बंद केली की ते नीट पेटत नाही, न जळता मागच्या तापलेल्या नळीत जाऊन साठतं आणि तिथं भडकतं. तोच बार. मग त्यांनी प्लग काढून दाखवला. त्याचं टोक खडूसारखं पांढरं होतं. दिवाळीच्या सुमाराला गाडी काळा धूर ओकू लागली होती, प्लगवर काजळी धरत होती, म्हणून त्यांनी पेट्रोल कमी आणि हवा जास्त केली होती. धूर गेला, प्लग स्वच्छ झाला, त्यांना वाटलं काम झालं. "दुसरा कुणी असता तर त्याला चौथ्या दिवशी ऐकू आलं असतं," ते म्हणाले. "मी कानाचं काम डोळ्यांवर टाकलं होतं."

कार्बोरेटर म्हणजे एक छोटं पितळी भांडं. त्याच्या बाजूला बारीक स्क्रू होता, इंजिन हळू चालताना हवा किती घ्यायची ते तो ठरवत असे. अप्पा तो पाव फेरा फिरवायचे, खिट्टी उघडून इंजिन भरारू द्यायचे, मग एकदम बंद करायचे आणि माझ्या हाताकडे बघायचे. जितके बार तितकी बोटं मी वर करायची. तीन. मग पाव फेरा. तीन. मग दोन. एका वेळी बार काही थांबेना, तेव्हा मला इंजिनाजवळ वेगळाच फुसफुस असा आवाज ऐकू आला. मी वाकून वाकून जागा शोधली आणि बोट दाखवलं. धुराची नळी जिथं इंजिनाला जोडली होती तिथली चकती सैल होती, भोवती काजळीची रेघ उमटली होती. तिथूनही हवा आत शिरत होती. अप्पांनी पान्ह्यानं जोड उघडला, अॅस्बेस्टॉसची पांढरी दोरी गुंडाळून परत आवळला. मग स्क्रू आणखी अर्धा फेरा. इंजिन भरारलं, खिट्टी बंद झाली आणि मी मूठ मिटलेली वर धरली. एकही नाही.

"आता हळू कशी चालते? ऐकून सांग."

मी कान दिला. "एकसारखी," मी त्यांच्या कानाशी म्हटलं. "खालच्या मागांसारखी."

अप्पांनी खालच्या दाराकडे बघितलं. "माग चालू आहेत अजून?" ते म्हणाले. "मला वाटलं, त्यांनी ते काढून टाकले."

माग त्या क्षणीही चालू होते. एक दिवसही थांबले नव्हते. मी त्यांचा हात धरून भिंतीला टेकवला. ते बराच वेळ तळवा तिथं ठेवून उभे राहिले.

हात धुताना त्यांनी विचारलं, "बाराचं तू तीनदा सांगितलंस. आणखी काय काय सांगितलं होतंस?" मी सांगितलं, मांजराला चार पिल्लं झाली होती. गंगव्वाच्या मुलीला दिवस गेले होते. खिडकीची कडी तुटली आहे. मी शाळेत पहिली आले. पहिली आल्याचं ऐकून त्यांचे डोळे भरून आले, ओल्या हातानंच त्यांनी माझं डोकं जवळ घेतलं. इंग्रजी शाळेचं मी सांगितलं नाही. शाळा सुरू होऊन वर्ष होत आलं होतं, बरोबरच्या दोघी पुढे गेल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, आजच्यापुरतं एवढं पुरे. ताकाचंही बोलले नाही. आज वाटतं, दोन्ही तेव्हाच सांगायला हवं होतं. जे त्या दिवशी सांगता आलं असतं, त्याला पुढे कधी जागा मिळाली नाही.

कुणीही तक्रार केली नव्हती. सिदरामसुद्धा कचेरीत गेला नाही, अप्पाच दर चार दिवसांनी वाडीवर जाऊन त्याची पट्टी बघत होते. पण महिन्याभरात त्यांनी स्वतःच वर पत्र लिहिलं, की मला ऐकू येत नाही, माझ्या हातून एका माणसाला इजा झाली आहे, पुढे काय करावं. मोठे साहेब फिरतीवर सोलापूरला येणार होते, त्यांनी अप्पांना डाक बंगल्यावर बोलावलं. अप्पा मला बरोबर घेऊन गेले. "आत मी एकटाच जाईन," ते म्हणाले. "तू ओसरीवर बस."

ओसरीवर दोन पट्टेवाले, एक कारकून आणि मी. दार लोटलेलं होतं. साहेब पुण्याकडचे, चांगले असावेत. अप्पांना ऐकू जावं म्हणून ते मोठ्यानं बोलत होते, आणि त्यामुळे आतला शब्दन् शब्द बाहेर येत होता. "डॉक्टर, तुमच्यासारखा माणूस मला परत मिळायचा नाही. पण जनावराची छाती ज्याला ऐकू येत नाही त्याला मी ठेवू शकत नाही. मी वर तसं लिहितो आहे. आशा धरू नका." कारकुनानं मान खाली घातली. एक पट्टेवाला माझ्याकडे बघून उगीच म्हणाला, "पानी पाहिजे काय, बेटी?" मी नको म्हटलं. पायाच्या अंगठ्यानं मी ओसरीची फट उकरत होते.

अप्पा बाहेर आले. पायऱ्या उतरून फाटकाशी गेल्यावर त्यांनी हळू आवाजात मला सांगितलं, "साहेब विचार करू म्हणाले. सवड घेऊन कळवतील." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना ऐकू गेलं नव्हतं की ते मला सांगत नव्हते, हे मला ओळखता येईना. खरं काय ते मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगावं, तर रस्त्यात माणसं होती. मी मान हलवली. घरी येऊन मी धपाटे केले. ते चांगले झालेत म्हणाले.

पुढचे आठ दिवस मी ते ओझं घेऊन वावरले. अप्पा नेहमीसारखे पहाटे उठत, पूजा करीत, फिरतीवर जात. जेवताना मी बोललेलं ऐकायला आता माझ्याकडे बघत. मी काहीतरी सांगत राही, मागांचं, मांजराच्या पिल्लांचं, आणि जे सांगायचं ते ओठांवर येऊ नये म्हणून तोंड फिरवून भांडी घासायला बसे. आठव्या दिवशी लखोटा आला. त्यांनी तो न फोडताच फळीवर ठेवला. "वाचत का नाही?" मी विचारलं.

"काय आहे ते माहीत आहे," अप्पा म्हणाले. "साहेब त्या दिवशीच बोलले होते. त्यांना मिशा नाहीत, ओठ स्वच्छ दिसतात. म्हटलं, तुला तरी आठ दिवस शांततेचे मिळू देत."

मला त्यांना सांगता आलं नाही, की मलाही ते आठ दिवस मिळाले नव्हते. मी म्हटलं, "बरं केलंत."

महिनाअखेरीला नवे डॉक्टर आले, चार्ज घेतला आणि फटफटी घेऊन गेले. मी खिडकीत उभी राहून ऐकत होते. गल्लीच्या तोंडाशी इंजिन हळू झालं, वळलं, पुढं गेलं. मी आत आले तर अप्पा माझ्याकडेच बघत उभे होते. मी मूठ मिटून दाखवली. ते समाधानानं खाली बसले.

मग दिवस फार मोठे झाले. गंगव्वा परत आली होती, दोन वेळचं करत होती, पण दुपारी ती गेली की आता खिडकीपाशी आम्ही दोघं बसायचो, ते एका बाजूला, मी दुसऱ्या. गप्पा मारायला कानाशी जावं लागे, आणि साध्या गोष्टीसाठी माणूस किती वेळा उठणार. पुस्तकं ते वाचायचे, मलाही वाचायला द्यायचे. काही दिवस तर आधीसारखेच गेले, दहा शब्दांचे. आता फक्त त्याचं कारण मला माहीत होतं, आणि ते माहीत असल्यानं फार फरक पडतो असं वाटलं होतं तेवढा पडला नाही.

एका सकाळी कुणीतरी खालून हाक मारली. एक धनगरीण शेळीचं पिल्लू कडेवर घेऊन आली होती, नव्या डॉक्टरांकडे न जाता थेट इकडं. "डाक्टरचं हितंच घर न्हवं? माजी शेळी बरी केली व्हती त्यांनी. ह्येला धाप लागलीया बगा." मी अप्पांना खांद्याला हात लावून खाली आणलं. त्यांनी पिल्लू मांडीवर घेतलं, डोळे बघितले, पोट चाचपलं. मग पेटीतून छाती तपासायची नळी काढली, ती स्वतःच्या कानांना लावली, जरा वेळ तशीच धरली, आणि काढून माझ्या कानांत घातली. नळीचं दुसरं टोक त्यांनी पिल्लाच्या बरगड्यांवर ठेवलं.

"काय ऐकू येतं ते सांग," ते म्हणाले.

मी सांगू लागले. ठोके फार जलद आहेत. श्वास आत जाताना ओलसर आवाज येतो, पाण्यातून बुडबुडे निघावेत तसा. उजवीकडे जास्त, डावीकडे कमी. सावकाश, एकेक शब्द मोकळा करून मी बोलत होते. ते मान वर करून टक लावून माझ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत कुणी माझ्याकडे इतकं लक्ष देऊन बघितलं नव्हतं, आणि मला माहीत होतं की ते माझे ओठ बघत आहेत.